तांब्यावर चांदी: प्रकल्पाच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

४ जून

कामाला लागण्याआधी प्रश्न नीट लिहून ठेवतो, नाहीतर ऑगस्टपर्यंत आपण नेमके काय शोधत होतो हेच विसरायला होते.

पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला वीज दिली की ऋण इलेक्ट्रोडवर काय तयार होईल, हे तो इलेक्ट्रोड कोणत्या धातूचा आहे यावर ठरते. जपानमधल्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एकेक धातू तपासून याची वर्गवारीच लावून दिली. सोने, चांदी, जस्त यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड. कथील, शिसे, इंडियम यांच्यावर फॉर्मेट. लोखंड, निकेल, प्लॅटिनमवर जवळपास नुसता हायड्रोजन, म्हणजे वीज गेली ती पाणी फोडण्यात. तांब्याचा मात्र वेगळाच संसार: मिथेन, इथिलीन, इथेनॉल, सगळेच थोडेथोडे. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एकट्या तांब्यावरची १६ उत्पादने मोजली. कौतुक वाटते, पण उद्या कुणाला नुसते इथिलीन हवे असेल तर बाकीची पंधरा म्हणजे कटकटच.

कारण थोडक्यात असे. कार्बन डायऑक्साइडमधून आधी कार्बन मोनॉक्साइड बनतो. चांदी त्याला सैल धरते, म्हणून तो निसटतो. प्लॅटिनम इतका घट्ट धरते की जागाच अडून बसते. तांबे मधल्या जोराने धरते, त्यामुळे शेजारी बसलेले दोन मोनॉक्साइड एकमेकांना जोडले जायला सवड मिळते. दोन कार्बनांची साखळी सुरू होते ती इथे.

म्हणून कल्पना: तांब्याशेजारी चांदी बसवायची. चांदीने मोनॉक्साइड बनवून सोडायचा, तांब्याने तो उचलून पुढे न्यायचा. कल्पना आमची नाही, जगभर बऱ्याच ठिकाणी यावर काम चालू आहे. आम्हाला बघायचे आहे ते एवढेच: चांदीचे प्रमाण तेच ठेवून फक्त तिची जागा बदलली तर काय होते?

नमुने तीन.
‘मिसळ’: तांबे आणि चांदी एकत्र स्पटर करून (निर्वातात धातूचे अणू उडवून पृष्ठभागावर बसवून) केलेला पातळ थर, अणू अणूत मिसळलेले.
‘ठिपके’: तांब्याच्या थरावर चांदीची बेटे.
‘भुकटी’: दोन्ही धातूंचे नॅनोकण वेगवेगळे घेऊन एका शाईत घोटलेले.
तिन्हींत चांदी दहा टक्क्यांच्या आसपास.

चांदीच का, असे गटाच्या बैठकीत विचारले गेले. एक कारण वर आलेच. दुसरे हे की या दोन धातूंचे स्थायू अवस्थेत पटत नाही. ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांचे युटेक्टिक (मिश्रण वितळण्याचे सर्वांत कमी तापमान) आहे, आणि खोलीच्या तापमानाला एकात दुसरा जवळजवळ विरघळत नाहीच. म्हणजे जबरदस्तीने मिसळले नसेल, तर चांदी जिथे दिसेल तिथे ती चांदी म्हणूनच असणार. निष्कर्ष काढायला हे सोयीचे.

८ जून

सेल जुळवला. दोन कप्पे, मध्ये मेम्ब्रेन (आयन जाऊ देणारा पडदा), इलेक्ट्रोलाइट (वीज वाहून नेणारे द्रावण) म्हणून ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट. कार्बन डायऑक्साइडने संपृक्त केल्यावर पीएच ६.८ आला, तोच यायला हवा.

धन बाजूची प्लॅटिनमची तार काढून ग्राफाइटची कांडी लावली. प्लॅटिनम अगदी किंचित विरघळते, मेम्ब्रेन ओलांडून तांब्यावर जाऊन बसते आणि हायड्रोजन वाढतो. मग आठवडाभर आपण ‘कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) खराब झाला’ म्हणत बसतो.

तीच गोष्ट मिठाची. चांगल्या प्रतीच्या बायकार्बोनेटमध्येही लोखंड आणि जस्त अंशमात्र असते, आणि ऋण इलेक्ट्रोडला हे आयन ओढून घ्यायला फार आवडते. सगळा इलेक्ट्रोलाइट चेलेक्स रेझिनवरून (धातूंचे आयन पकडून ठेवणारे दाणे) गाळून घ्यायचा, हा नियम. कंटाळवाणे काम आहे. त्याला फाटा देऊ नये.

१३ जून

तांब्याचा पत्रा पॉलिश केला. ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल, पत्रा धन बाजूला, दोन व्होल्टच्या आसपास. सुरुवातीला पत्र्यावरचा तपकिरी डाग आणि रोलिंगच्या बारीक रेघा दिसत असतात. प्रवाह सुरू झाला की पृष्ठभागालगत दाट, तेलासारखा थर खाली ओघळू लागतो. काही मिनिटांत रेघा जातात आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ दिसायला लागते. काढल्याबरोबर पाण्यात आणि तिथून थेट सेलमध्ये. हवेत ठेवून फोन घेतला तर ऑक्साइडचा थर चढलाच समजा.

१५ जून

बेसलाइन: कोरे तांबे, आरएचईच्या (व्होल्ट मोजताना शून्य धरायचा हायड्रोजन इलेक्ट्रोड) तुलनेत उणे १.० व्होल्ट. आपला संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर क्लोराइडचा, म्हणून यंत्रावर आकडा टाकायचा तो उणे १.६ (०.१९७ आणि पीएचचे ०.४०, दोन्ही धरून). शिवाय द्रावणाचा रोध. तो ५० ओहम असेल आणि प्रवाह १० मिलिअँपिअर, तर अर्धा व्होल्ट नुसता पाण्यातच जिरतो. रोधाची भरपाई न करता दिलेले व्होल्टचे आकडे वाचूच नयेत, असे माझे स्पष्ट मत.

मिथेन आणि इथिलीन दोन्ही दिसले. होरींच्या १९९४ च्या तक्त्यात ५ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला तांब्यावर मिथेन ३३.३, इथिलीन २५.५ आणि हायड्रोजन २०.५ टक्के आहे (टक्के म्हणजे एकूण विजेतला त्या उत्पादनाचा वाटा). आमचे आकडे त्याच पंगतीतले आहेत. त्या तक्त्यात तांब्याच्या ओळीची बेरीज १०३.५ येते, हे नव्या मुलांना मुद्दाम दाखवले. बरोबर १०० टक्के आणणारा माणूस मला जरा संशयास्पदच वाटतो.

२१ जून

आज हिशेबाची बैठक. एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, बेरीज प्रत्येक वेळी ९१-९२ वरच का अडकते?’ प्रश्न उत्तम. रोज थोडी वरखाली होणारी तूट गळतीची असते. रोज तेवढीच राहणारी तूट बहुतेक वेळा गणितात असते.

गणित करूनच पाहू. जीसीमध्ये (वायू वेगळे करून मोजणारे गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र) इथिलीन २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग), वायूचा प्रवाह मिनिटाला २० मिलिलिटर. २५ अंशांना एक मोल वायू २४.४७ लिटर जागा घेतो असे धरले, तर एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन आणि फॅरडे स्थिरांक ९६,४८५ या हिशेबाने इथिलीनच्या वाट्याला ३.१५ मिलिअँपिअर येतात. एकूण प्रवाह १० असेल तर ३१.५ टक्के. आता फ्लो कंट्रोलरची पुस्तिका काढली. त्यातला ‘स्टँडर्ड’ मिलिलिटर शून्य अंशांचा. म्हणजे मोलला २२.४१ लिटर, म्हणजे त्याच रीडिंगला ३.४४ मिलिअँपिअर. नऊ टक्के फरक, प्रत्येक वायूला सारखाच. तूट तिथेच होती. शीट बदलली, आता बेरीज शंभराच्या आजूबाजूला हलते आहे.

कंपनीगणिक हे ‘स्टँडर्ड’ तापमान बदलते. कुणाच्याही लेखातल्या दोन-चार टक्क्यांच्या ‘सुधारणे’कडे मी तेव्हापासून जरा डोळे बारीक करूनच बघतो.

३ जुलै

पाऊस. जीसीच्या नळीत पाणी साचले, सापळा लावला. दुपारी वीज दोनदा गेली. यूपीएसवर पोटेन्शिओस्टॅट (सेलचे व्होल्टेज सांभाळणारे यंत्र) आहे, चिलर नाही. रन रद्द.

११ जुलै

ठिपके. हे काम रसायन स्वतःच करते: तांब्याचा थर सौम्य सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवला की चांदी तांब्यावर बसते आणि तेवढे तांबे द्रावणात उतरते. चांदीचे प्रमाण विभव (आयनाची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) ०.८० व्होल्ट, तांब्याचे ०.३४. मधल्या ०.४६ व्होल्टच्या जोरावर बाहेरून वीज न देता क्रिया धावते. धावते हीच अडचण. काही सेकंदांत लाल रंगावर करडी झाक येते, बेटे हवी असतील तर तिथेच उचलायचे. आणखी ठेवले तर काळसर मखमल चढते. मायक्रोस्कोपखाली ती चांदीची झुडपे निघतात, आणि बेटांची बात संपली.

बुडवण्याआधी द्रावणातून आरगॉन सोडायचा, ऑक्सिजन राहिला तर तांबे उगीच खाल्ले जाते. बीकर नळाच्या पाण्याने धुऊन तसाच वापरला असेल तर नायट्रेट ओतताच पांढुरके गढूळपण येते. क्लोराइडची चाचणी शाळेत याच द्रावणाने करायचो, त्यामुळे चोर लगेच सापडतो.

१८ जुलै

‘मिसळ’ आली. स्पटरिंगचे मशीन दुसऱ्या विभागात, तारीख मिळवणे हा वेगळा प्रकल्प. असो.

एक्सआरडी काढला, म्हणजे क्ष-किरणांनी अणूंची जाळी तपासली. शुद्ध तांब्याचे पहिले शिखर ४३.३ अंशांवर, चांदीचे ३८.१ वर. मिसळमध्ये ३८ जवळ काहीच नाही, आणि तांब्याचे शिखर रुंद होऊन ४२.७ कडे सरकलेले. चांदीचा अणू मोठा, त्याने जाळी ताणली. दहा टक्क्यांना सरळ प्रमाणाने काढले तर याच्या आसपासच उत्तर येते. म्हणजे न पटणाऱ्या दोघांना आपण खरोखरच एका खोलीत कोंडले आहे. किती दिवस राहतात ते बघू.

‘ठिपके’ आणि ‘भुकटी’मध्ये चांदीची शिखरे स्वतंत्र. चांदीचे दुसरे शिखर ४४.३ ला, तांब्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून. घाईत बघणारा त्याला तांबेच समजेल.

२६ जुलै

पहिली तुलना, तिन्ही नमुने, तेच व्होल्टेज. आकडे अजून दोनदा तपासायचे आहेत, म्हणून फक्त कल लिहितो.

‘भुकटी’: मोनॉक्साइड वाढला, पण वाढलेला बहुतेक वायूबरोबर बाहेर. इथिलीन जवळपास कोऱ्या तांब्याइतकेच.
‘ठिपके’: मोनॉक्साइड थोडा वाढला. मिथेन ठळक उतरले, इथिलीन आणि इथेनॉल दोन्ही वर.
‘मिसळ’: हायड्रोजन सगळ्यात कमी, एकूण प्रवाहही कमी. द्रवात ॲसिटाल्डिहाइड आणि ॲसिटेटची शिखरे.

‘भुकटी’ आणि ‘ठिपके’ यांतला फरक बोलका आहे. चांदी तेवढीच, पण भुकटीत चांदीच्या कणापासून जवळचे तांबे लांब. ढवळलेल्या द्रावणात सुटलेला मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, बुडबुड्याला लागून निघून जातो. ठिपक्यात कडेलाच तांबे आहे. तो पृष्ठभागावरून सरकत जातो की पाण्यात उतरून पुन्हा बसतो, हे या प्रयोगातून सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, ‘सांगता येत नाही ते बाणाची आकृती काढून सांगू नका.’ लेखांतल्या त्या वाकड्या बाणाबद्दल बोलत होत्या.

मिसळमधला हायड्रोजन का घटला याला आधार आहे. बर्कलीतले एझ्रा क्लार्क, ॲलेक्सिस बेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की चांदी मिसळलेल्या पृष्ठभागावरचे तांबे दाबले जाते, हायड्रोजनची पकड सैल होते आणि कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) असलेली द्रव उत्पादने वाढतात. आमची द्रवातली शिखरे त्याच वळणाची.

एनएमआरसाठी (द्रवातली उत्पादने ओळखून मोजणारी चाचणी) टीप: डीएमएसओ हा पदार्थ तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात टाकायचा, त्याचे शिखर २.७ जवळ. इथेनॉलची तिहेरी १.२ जवळ, फॉर्मेट ८.४ ला. पाण्याचे शिखर दाबल्याशिवाय काहीही दिसत नाही.

२ ऑगस्ट

मिसळ नमुना चालवून झाल्यावर एक्सपीएसला (पृष्ठभागावर कोणते अणू किती ते सांगणारी क्ष-किरण चाचणी) दिला होता, अहवाल आला. पृष्ठभागावरची चांदी वाढली आहे, चांगलीच. कोंडलेले दोघे वेगळे व्हायला लागले. चांदीची पृष्ठभाग ऊर्जा तांब्यापेक्षा कमी, त्यामुळे संधी मिळताच ती वर येते, आणि चालू इलेक्ट्रोडवर तांब्याचे अणू इतके हलते असतात की संधी भरपूर.

म्हणजे ‘मिसळ’ म्हणून जे मोजले ते सुरुवातीला मिसळ होते आणि शेवटी बऱ्याच अंशी ठिपके. मग २६ जुलैचे आकडे नेमके कुणाचे? यापुढे एकच सरासरी आकडा द्यायचा नाही. जीसीचे प्रत्येक इंजेक्शन वेळेसह नोंदवायचे आणि नमुना काही ठिकाणी मध्येच थांबवून बघायचा. बनवण्याची कृती म्हणजे नमुन्याचे वर्णन नव्हे, तो चालू असताना कसा आहे ते महत्त्वाचे.

९ ऑगस्ट

विषयांतर, पण कामाचे. काल कसबा पेठेत तांबट आळीतून जाताना ज्युनियरने विचारले की कल्हई केलेले भांडे सेलमध्ये टाकले तर काय मिळेल? तांब्यावर कथील, हेही दोन धातूंचेच प्रकरण आहे. २०१६ मध्ये सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठात काझुहिरो ताकानाबे यांच्या गटाने तांब्यावर अगदी थोडे कथील बसवले, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त कार्बन मोनॉक्साइड मिळाला. गंमत ही की एकट्या कथलाची खासियत फॉर्मेट. थर जाड केला की तो कथलासारखा वागतो आणि फॉर्मेटकडे वळतो. कल्हईवाला नवसागर टाकून कापसाने जो थर पुसतो तो अणूंच्या हिशेबात हजारो थरांचा, म्हणजे उत्तर फॉर्मेट. दुसरा धातू किती आणि कुठे, हाच प्रश्न इथेही.

करून बघायची परवानगी दिली नाही. कथील एकदा सेलमध्ये शिरले की निघत नाही.

२३ ऑगस्ट

साध्या सेलची मर्यादा आली. २५ अंशांना पाण्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ३३ मिलिमोलर विरघळतो. कितीही ढवळा, चौरस सेंटिमीटरला काही दहा मिलिअँपिअरच्या पुढे वायूच पोचत नाही, आणि उरलेली वीज हायड्रोजन करते. ज्याला उपयोग म्हणतात तो शेकड्यांत सुरू होतो. २०२० मध्ये टोरंटोच्या गटाने संगणकाच्या मदतीने तांबे असलेली २४४ आंतरधातू संयुगे चाळून तांबे आणि ॲल्युमिनियमची जोडी निवडली आणि ४०० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला ८० टक्के इथिलीन नोंदवले. तो फ्लो सेल होता.

म्हणून आता आमचाही फ्लो सेल: वायू मागून, द्रव पुढून, मध्ये सच्छिद्र टेफ्लॉनचा पडदा आणि त्यावर तांबे. ठिपके याच थरावर करायचे.

२ सप्टेंबर

फ्लो सेलमध्ये एक हिशेब डोक्यात ठेवायला हवा. इथिलीनचा एक रेणू करताना दोन कार्बन डायऑक्साइड लागतात आणि १२ हायड्रॉक्साइड बाहेर पडतात. हे १२ आणखी सहा कार्बन डायऑक्साइड गिळून कार्बोनेट करतात. आत गेलेल्या आठांपैकी कामी आले दोन, म्हणजे उत्प्रेरक अगदी परिपूर्ण असला तरी २५ टक्केच. हा दोष चांदीचा नाही, तांब्याचाही नाही, कुठलाही धातू बसवून तो जाणार नाही. आम्लयुक्त इलेक्ट्रोलाइटवर लोक काम करतात ते यासाठी.

याचाच दुसरा परिणाम: बाहेर येणारा वायू आत गेलेल्यापेक्षा बराच कमी. हिशेबात आतला प्रवाह धरला तर सगळे टक्के फुगतात. बाहेरच्या टोकाला साबणाच्या फुग्याचा मीटर लावला. काचेच्या नळीतून पातळ पडदा वर चढताना स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे. स्वस्त, आणि खोटे बोलत नाही.

५ सप्टेंबर

सिलिंडर आजच मागवून घेतले. परवा गणपती बसतील, मग विसर्जनापर्यंत गाडी पेठांतून यायला तयार होत नाही.

२० सप्टेंबर

पुन्हा सुरुवात, २०० मिलिअँपिअर. ठिपक्यांच्या नमुन्यात इथेनॉलचा वाटा साध्या सेलपेक्षा जास्त, हे बरे लक्षण. पण काही तासांत हायड्रोजन चढायला लागला. उघडून पाहिले तर वायूच्या बाजूला पांढरे स्फटिक, पोटॅशियम बायकार्बोनेट. द्रव पडद्यातून मागे झिरपला, वाळला, मीठ राहिले, मिठाने आणखी पाणी ओढले. कॅटॅलिस्ट ठीक असूनही वायू त्याच्यापर्यंत पोचत नाही. सध्या वायू ओला करून सोडतो आहोत आणि मधूनमधून पाण्याने धुतो. इलाज नव्हे, वेळ काढणे आहे.

२७ सप्टेंबर

उद्योगातले एक पाहुणे आले होते. ‘कारखाना कधी?’ फळ्यावर हिशेब मांडला. सेलला तीन व्होल्ट आणि सगळी वीज इथिलीनलाच गेली असे धरले तरी एक किलोला सुमारे ३४ युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे २४ किलो. आणि एक किलो इथिलीनमध्ये कार्बन डायऑक्साइड बांधला जातो ३.१ किलो. कोळशाच्या विजेवर हे करणे म्हणजे हवेत आणखी धूर सोडणे. सौर किंवा पवन वीजच हवी, तीही दिवसा मिळेल तशी चालूबंद. पाहुण्यांनी फोटो काढून घेतला.

८ ऑक्टोबर

चालूबंदच्या निमित्ताने तेच तपासले. प्रवाह बंद झाला की तांब्याचे संरक्षण जाते. ते थोडे ऑक्सिडाइज होते, थोडे विरघळते, आणि पुन्हा सुरू केल्यावर जिथे जमेल तिथे बसते. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) ठिपक्यांच्या कडा बोथट झालेल्या, लहान बेटे नाहीशी, मोठी आणखी मोठी, आणि काही चांदीच्या बेटांवर तांब्याचे बारीक कण चढलेले. न थांबवता चालवलेल्या नमुन्यात हे कमी.

नवा नियम, लॅबच्या दारावर चिकटवला: आधी द्रव काढायचा, मग वीज बंद करायची. उलटे नाही.

कार्बन-१३ चा (एनएमआरमध्ये वेगळा ओळखू येणारा जड कार्बन) वायू वापरून एक रन घेतला. इथेनॉलचे शिखर दुभंगले, म्हणजे ते खरोखर वायूतूनच आले आहे, बाइंडरमधून (कण चिकटवणारा पदार्थ) नाही. ॲसिटेटचा थोडा भाग मात्र दुभंगला नाही. तो कुठून येतो ते शोधायचे.

१९ ऑक्टोबर

पुढच्या टप्प्याची बैठक. नुसत्या बुडवून केलेल्या बेटांवर आणखी वेळ घालवायचा नाही असे ठरले. त्यांचा आकार, संख्या आणि अंतर एकदमच बदलते, त्यामुळे कशाने काय झाले ते सुटे करता येत नाही. आता लिथोग्राफीने (मास्क म्हणजे साच्यातून प्रकाश टाकून आकार उमटवण्याची पद्धत) तांब्यावर चांदीच्या समांतर पट्ट्या: एकूण क्षेत्रफळ तेच, पट्टीची रुंदी आणि मधले अंतर वेगवेगळे. अंतर वाढवत गेल्यावर इथेनॉल कुठे पडते ते पाहिले की मोनॉक्साइड किती लांब जातो याचा अंदाज येईल. आधी साध्या सेलमध्ये, ढवळण्याचा वेग बदलून. ढवळण्याने उत्तर बदलले तर तो पाण्यातून जातो आहे.

मास्कचे चित्र मी काढतो. चेलेक्सची नवी बाटली ज्युनियर मागवेल, ॲसिटेटसाठी बाइंडर नसलेला नमुना विद्यार्थिनी करेल. स्पटरिंगची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.